दुरुस्ती, मरामत आणि नवी सायकल

जुनी सायकल दुरुस्त करावी की नवी घ्यावी, असा प्रश्न नागपुरात कोणाला विचारला तर पहिले उत्तर येते, "सोड ना बे, गाडी घे." आपल्याकडे गाडी म्हणजे मोटारसायकल नाहीतर स्कूटर. सायकल त्या हिशेबातच नसते. तरी गेल्या चार-पाच वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. लॉकडाऊनच्या काळात कोणाच्या घरातल्या अडगळीतून आजोबांची काळी सायकल बाहेर निघाली, कोणाला डॉक्टरांनी रोज अर्धा तास सायकल चालवायला सांगितले, कोणी मोबाईलवर चकाकणाऱ्या जुन्या रॅलेचे फोटो पाहिले. मी भाषेचा शिक्षक आहे, सायकलीचा कारागीर नाही. पण सीताबर्डीच्या एका गल्लीत सायकल मिस्त्रीच्या लाकडी बाकावर बसून बऱ्याच संध्याकाळी घालवल्या आहेत. या साध्या प्रश्नामागे केवढा इतिहास आहे, ते तिथे बसल्यावर कळत गेले.

भाषेपासून सुरुवात करतो, कारण ती माझी सवय आहे. मोडलेली वस्तू चालती करण्यासाठी मराठीत आपण 'दुरुस्ती' म्हणतो. हा शब्द फारसी 'दुरुस्त'वरून आला. त्याच्या आधीच्या पिढीचा शब्द 'मरामत'. किल्ल्याच्या तटाची मरामत, वाड्याची मरामत असे जुन्या मराठी कागदांत येते. तो अरबी 'मरम्मत'. जो हे काम करतो तो 'मिस्त्री', आणि हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'पासून आपल्याकडे रुळला. म्हणजे मराठी माणूस काही दुरुस्त करायला निघाला की त्याच्या तोंडी फारसी, अरबी आणि पोर्तुगीज एका दमात येतात. संस्कृतचा एक भारदस्त शब्दही आहे, 'जीर्णोद्धार'. तो देवळासाठी वापरतात. आज जुन्या सायकलींचे शौकीन जे करतात, म्हणजे मूळ रंग, मूळ चिन्ह, मूळ सीट शोधून ती कारखान्यातून निघाली तेव्हासारखी करणे, त्याला जीर्णोद्धारच म्हणावे लागेल. दुरुस्ती आणि जीर्णोद्धार ही दोन वेगळी कामे आहेत. खर्चही वेगळा आणि हेतूही वेगळा. 'जुनी की नवी' हे ठरवताना बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

आता सायकलीकडे वळू. आज 'रोड बाईक' म्हटले की खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची शर्यतीची सायकल डोळ्यांसमोर येते. तशा जुन्या सायकली आपल्याकडे फार थोड्या आल्या. मुंबई-पुणे शर्यतीत घाट चढणाऱ्या मंडळींकडे त्या असत. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीची १९३५ मध्ये निघालेली '५३१' नावाची पोलादी नळी, तिच्या हलक्या फ्रेमी, हे त्यांचे जग. आपल्या घरांमध्ये सापडते ती दुसरी जात आहे. उंच काळी फ्रेम, सरळ बसण्याचे हँडल, दांड्यांचे ब्रेक, बंद चेनकव्हर. इंग्रज तिला 'रोडस्टर' म्हणत. आपण नुसते 'काळी सायकल' किंवा 'चोवीस इंची' म्हणतो.

या सायकलीची बांधणी इंग्लंडात ठरली. जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल १८८५ची. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी तिला जे रूप दिले, ते जवळजवळ कायमचे ठरले. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए, हर्क्युलिस आणि फिलिप्स, शिवाय हंबर आणि रज. यातली बीएसए म्हणजे मुळात बंदुकांचा कारखाना. 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'. म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात. तुमच्या घरातल्या सायकलीवरचे नाव रंगाखाली बुजले असेल तर पॅडलजवळचे मोठे दात्यांचे चक्र पाहा. त्यात बगळ्याची डोकी कापलेली असतील तर रॅले. हात धरून फेर धरल्यासारखी पाच माणसे असतील तर हंबर. उघडा पंजा असेल तर रज. तीन गियरवाली असेल तर काम आणखी सोपे, कारण स्टर्मी-आर्चरच्या मागच्या हबवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. चिंधीला रॉकेल लावून हब पुसा, सायकलीची जन्मतारीख दिसेल.

या सायकली मुंबई बंदरात उतरत आणि रेल्वेने आत येत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला १८६७ मध्येच पोचली होती. नागपूर मध्य प्रांताची राजधानी, म्हणजे कचेऱ्या आल्या, कारकून आले, पोस्ट आणि तारखाते आले. शेजारच्या कामठीत छावणी होती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सुरुवातीला सायकल ही साहेबाची आणि डॉक्टर-वकिलांची चैन होती. पुढे ती बाबूची झाली. १९३०च्या दशकात स्वस्त जपानी सायकली बाजारात आल्या, वापरलेल्या इंग्रजी सायकली हातोहात फिरू लागल्या, तेव्हा ती मिलच्या कामगारापर्यंत आली. आमच्या मोमिनपुऱ्यातले जाणते सांगतात की भोंगा झाला की पूल सायकलींनी काळा होऊन जाई. सायकलीला कर होता, तो भरला की बिल्ला मिळे आणि बिल्ला नसला तर दंड. रात्री दिवा नसला तरी दंड, डबल सीट दिसले तरी दंड. आजच्या पोरांना हे सांगितले की ती हसतात. सायकलीला कसला दंड!

नागपूरकर तेव्हा 'जुनी की नवी' असा विचारच करत नव्हता. नवी सायकल म्हणजे कित्येक महिन्यांची मजुरी. ती आयुष्यात एकदा घ्यायची, नाहीतर कोणाची तरी वापरलेली घ्यायची, आणि मग मिस्त्रीकडून जगवत राहायची. टायर झिजला की आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा. चेन ढिली झाली की एक कडी काढायची. वर्षातून एकदा ओव्हरऑइल करायचे, म्हणजे सगळे खोलून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडायचे. सायकल 'संपली' असे कोणी म्हणत नसे. ती फार तर धाकट्या भावाकडे जाई.

मग १९४७ आले. सायकलीच्या इतिहासातली मला सर्वांत जास्त रुतलेली हकीकत याच वर्षाची आहे, आणि ती आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही.

आज पाकिस्तानात असलेल्या कमालिया गावचे मुंजाल बंधू सायकलीच्या सुट्या भागांचा धंदा करत होते. त्यांच्या ओळखीचा एक कारागीर होता, करीम दीन. तो सायकलीच्या गाद्या बनवायचा आणि त्याने आपल्या मालाला एक नाव दिले होते. फाळणीत त्याला पाकिस्तानात जावे लागणार होते. जाण्यापूर्वी तो ओमप्रकाश मुंजाल यांना भेटायला आला. मुंजालांनी त्याला विचारले, तू तर चाललास, तुझे हे नाव आम्ही वापरले तर चालेल का? करीम दीनने होकार दिला. ते नाव होते 'हीरो'. मुंजाल कुटुंबाच्या उद्योगाचा जो इतिहास प्रसिद्ध झाला आहे, त्यात त्यांनी स्वतःच ही गोष्ट सांगितली आहे; कुठे लपवलेली नाही. १९५६ मध्ये लुधियानात हीरो सायकल्स उभी राहिली. १९८६ मध्ये जगातली सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून तिचे नाव गिनेस बुकात गेले. पुढे त्याच नावाच्या मोटारसायकली घरोघर आल्या.

एका गादीवाल्याने निरोप घेताना दिलेले नाव. त्याचा कागद झाला नाही, पैसे ठरले नाहीत. ज्या वर्षी पंजाबात शेजारी शेजाऱ्याचे घर जाळत होता, त्या वर्षी हे झाले. सीमेपलीकडची गोष्टही अशीच आहे. भारतातून गेलेल्या सायकल व्यापाऱ्यांनी लाहोरमध्ये सहकारी संस्था काढली आणि 'सोहराब' सायकल तयार केली. म्हणजे दोन्ही देशांत गरिबाचे वाहन निर्वासितांनी घडवले, आणि दोघांनीही समोर नमुना म्हणून ठेवली ती इंग्रजांची तीच काळी सायकल.

मोठ्या भांडवलाचेही कारखाने निघाले. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने हर्क्युलिस बनवायला घेतली. आसनसोलला सेन-रॅले झाली. सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस आली. आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. आज तिथे फक्त 'हिंद सायकल रोड' उरला आहे. हिंद आणि सेन-रॅले दोन्ही आजारी पडल्या, १९८० मध्ये संसदेने कायदा करून त्यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि त्यानंतरही त्या वाचल्या नाहीत. तिकडे मूळ इंग्लंडातही तेच. बीएसएचा सायकलींचा धंदा १९५७ मध्ये रॅलेने घेतला आणि २००२ मध्ये रॅलेचा नॉटिंगहॅमचा कारखानाच बंद झाला.

पण लुधियाना चालत राहिले, आणि जुन्या सायकलीच्या मालकाच्या दृष्टीने हीच कळीची गोष्ट आहे. लुधियानाने त्या सायकलीची मापे बदललीच नाहीत. इंग्लंडात दर दहा वर्षांनी फॅशन बदलली, चाके लहान झाली, दांड्यांचे ब्रेक गेले. आपल्याकडे २८ बाय दीडचा टायर तोच राहिला. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४० ही इंग्रजी रोडस्टरची रीत तशीच राहिली. पॅडलचा दांडा अडकवणारी कॉटर पिन तशीच राहिली. अर्थतज्ज्ञ याला मागासलेपणा म्हणतात; परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती म्हणून कोणी सुधारणा केली नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे. पण त्याच मागासलेपणामुळे १९५०ची इंग्रजी सायकल २०२० नंतरही सीताबर्डीत चालती करता येते. इंग्लंडमधल्या शौकिनाला ज्या टायरसाठी शोधाशोध करावी लागते, तो आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो.

अडचण एका ठिकाणी येते. रॅलेला स्वतःचेच माप वापरायची खोड होती. पॅडलच्या आसाच्या दोन्ही बाजूंना ज्या वाट्या बसतात, त्यांना इतर इंग्रजी कारखाने इंचाला २४ आटे पाडत, रॅले २६. बाजारातली वाटी रॅलेच्या फ्रेममध्ये दोन फेरे जाते आणि अडकते. जोर लावला की फ्रेमचे आटे जातात, आणि ते एकदा गेले की सायकल भंगारातच. नवखा मिस्त्री इथे ओळखू येतो. जाणता मिस्त्री बोटांनी फिरवून पाहतो, अडकली की थांबतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जुनी सायकल घ्यायची की नाही हे तिच्या वयावर ठरत नाही, सुट्या भागांच्या भावावरही फारसे ठरत नाही. ते हातावर ठरते. असा हात तुमच्या गावात आहे का?

सीताबर्डीत असे हात पूर्वी बरेच होते. आज बर्डी म्हटले की मेन रोडवरची गर्दी, कपड्यांची दुकाने, फेरीवाले आणि वर मेट्रोचे मोठे स्टेशन डोळ्यांसमोर येते. पण व्हरायटी चौकाच्या आतल्या गल्ल्यांमध्ये पायऱ्यांखाली, भिंतीला टेकून, सायकलीचे मिस्त्री बसायचे. ताशी भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. तिथेच शहरातली निम्मी पोरे कैची शिकली, म्हणजे सीटवर पाय पुरत नाही म्हणून फ्रेमच्या मधून पाय घालून चालवायला. या मिस्त्र्यांमध्ये आपले लोक पुष्कळ. हातमाग बसत गेले तशी विणकरांची पोरे पाना हाती घेऊ लागली, असे आमच्याकडे वडीलधारे सांगतात. नोकरीची वाट नव्हती, दुकानाला भांडवल नव्हते. एक पंप, दोन पाने, पाण्याचे घमेले आणि सोल्यूशनची ट्यूब एवढ्यावर धंदा सुरू होई. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात हीच गोष्ट देशाच्या पातळीवर दिसते. मुस्लिम कामगारांमध्ये स्वतःचे लहानसे काम करणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आणि पगारी नोकरीतले कमी.

आणि आज 'पंक्चरवाला' ही शिवी झाली आहे. मोबाईलवर मुसलमानाला हिणवायचे असले की हा शब्द टाकतात. माझ्या वर्गातल्या मुलांनाही तो ठाऊक आहे, एकाने मला विचारले होते, "सर, पंक्चर काढणं वाईट असतं का?" मी त्याला शिवीबद्दल काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सायकलीचे एक वाकडे चाक वर्गात नेले आणि म्हटले, हे सरळ करून दाखवा. मुलांनी पाऊण तास खटपट केली. एक तार आवळली की चाक दुसरीकडे पळते. ७२ तारांची दोन चाके नुसत्या नजरेने आणि बोटांच्या ताणाने गोल करणे, याला मिस्त्री 'आऊट काढणे' म्हणतात, आणि हे काम शिकायला उस्तादाजवळ दोन-तीन वर्षे जातात. उर्दूत याला 'हुनर' म्हणतात. मराठीनेही हा शब्द 'हुन्नर' म्हणून घेतला, पण हुन्नर म्हणताना आपल्याला पंक्चरवाला आठवत नाही.

आता माझ्या घरच्या सायकलीविषयी. आमच्या मामूंची रॅले त्यांच्या इंतकालानंतर बारा वर्षे जिन्याखाली उभी होती. मामू एम्प्रेस मिलमध्ये विणकाम खात्यात होते. सायकल त्यांनी अजनीच्या एका अँग्लो-इंडियन गार्डकडून घेतली होती, तो देश सोडून निघाला तेव्हा. म्हणून तिला तीन गियरचा स्टर्मी-आर्चर हब होता. मिल कामगाराच्या सायकलीला सहसा हा थाट नसे. हबवर ५३ हा आकडा आहे. पुढे पितळी बिल्ला आहे, त्यावरचे अंक झिजून गेले आहेत. मिल २००२ मध्ये बंद झाली, तिच्या जागेवर आता मॉल आहे, आणि मामूंच्या नोकरीची म्हणून घरात जी वस्तू उरली ती ही सायकल. त्याच सुमारास मुलीला कॉलेजात जायला सायकल हवी झाली. अम्मीचे म्हणणे, मामूंचीच नीट करून दे, बरकत राहील. मुलीचे म्हणणे, वीस किलोची ती काठीच्या ब्रेकची सायकल मी नेणार नाही. घरात दोन-चार दिवस हाच विषय.

मी सायकल ढकलत बर्डीला नेली. मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. मागच्या चाकाच्या खाचेला दोरी बांधली, ती पुढच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणली आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर बोटांनी मोजले. "फ्रेम सीधी है, मास्टरसाब." मग पुढच्या चिमट्यावरून बोट फिरवले, सांध्यांवर पान्याने हलकेच वाजवून आवाज ऐकला. सीटची दांडी हलते का ते पाहिले; ती गंजून फ्रेममध्ये चिकटली असेल तर निम्मी सायकल गेली असे समजायचे. हलली. इथे नागपूरच्या हवेचे आभार मानले पाहिजेत. कोकणातली सायकल खाऱ्या हवेने आतून पोखरते. आपल्याकडे ४५ अंशांचे ऊन टायर-ट्यूबचा चुरा करते, पण पोलाद टिकते.

हिशेब असा झाला. टायर, ट्यूब, दोन्ही रिमा, ७२ तारा, चेन, पॅडल, ब्रेकचे रबर, छर्रे आणि बारीकसारीक माल मिळून तीन हजारांच्या आत. मजुरी बाराशे, दोन दिवसांच्या कामाची. तशीच काळी सायकल नवी घेतली तर सात हजारांच्या आसपास. मुलगी जी गियरवाली दाखवत होती ती चौदा हजारांची. कागदावर जुनी जिंकते. पण हा कागद पुरेसा नाही.

दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला घासते. रिम पोलादी, वर चकचकीत मुलामा. कोरड्या रस्त्यावर ठीक, पण जुलैच्या पावसात ब्रेक दाबला तर सायकल आपल्या मनाने थांबते. मामूंच्या काळात रस्त्यावर सायकली, टांगे आणि रिक्षा होत्या. १९७२ मध्ये लुना आली, मग स्कूटरी, मग बाकी सगळे. आज वर्धा रोडवर सकाळी साडेनऊला जी गर्दी असते, तीत माझ्या मुलीने ओल्या रिमेवर भरवसा ठेवावा, असे मला वाटले नाही. बरकतीची गोष्ट मान्य आहे, पण ब्रेक तिच्यावर चालत नाहीत. शिवाय नागपूर मेट्रोत सायकल घेऊन चढता येते. तेरा किलोची सायकल एक मुलगी उचलू शकते, वीस-बावीस किलोची नाही. मुलीला नवी घेतली.

नवीचेही दोष सांगायला हवेत, कारण दुकानदार ते सांगत नाहीत. अल्युमिनियमची फ्रेम तडकली तर आपल्या गल्लीतला वेल्डर ती जोडू शकत नाही. पॅडलच्या आसाचा आख्खा बंद डबा येतो, छर्रे बदलता येत नाहीत, डबाच फेकायचा. पाच वर्षांनी त्याच मापाचा डबा मिळेल का, हे कंपनीच्या मर्जीवर. स्वस्तातल्या डिस्क ब्रेकवाल्या जाड टायरच्या सायकली तर केवळ दिसायला आहेत. नऊ-दहा हजारांत जी 'माउंटन बाईक' मिळते तिच्यापेक्षा साधी लुधियानाची काळी सायकल मी केव्हाही घेईन. सरकारी योजनेत मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना ज्या सायकली मिळतात त्या साध्याच असतात, आणि गावात त्या दुरुस्त होऊ शकतात हाच त्यांचा मोठा गुण. अ‍ॅटलसने आपला शेवटचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. तो जागतिक सायकल दिन होता. तरी अ‍ॅटलसच्या जुन्या सायकली रस्त्यावर आहेत, कारण त्यांचे भाग एकट्या अ‍ॅटलसचे नव्हतेच.

मामूंची सायकल मग काय करायची? पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे आहे. तिथला जीर्णोद्धार पाहण्यासारखा आहे आणि कोणीतरी ते करायलाच हवे. पण त्याचा धडा घरच्या सायकलीला लावू नये. ब्रुक्सची नवी चामड्याची सीट घ्यायला गेलो तर ती एकटीच चाचांच्या सगळ्या हिशेबाहून महाग. आणि रंग? आमच्या एका नातेवाइकाने हौसेने आजोबांची हंबर घासून पावडर कोटिंग करून आणली. सुंदर दिसते. पण सोनेरी रेघा गेल्या, कारखान्याची खूण गेली, आजोबांनी तेलपाणी करून घासलेली जागा गेली. ती आता कोणाचीही सायकल आहे. मी चाचांना सांगितले, रंगाला हात लावू नका, बिल्ला काढू नका, फक्त चालती करा.

पॅडलच्या वाट्या झिजल्या होत्या. बाजारातली चालणार नाही हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. त्यांनी बाकाखालून दुधाच्या पावडरचा एक जुना डबा काढला. चाळीस वर्षांत भंगारात गेलेल्या प्रत्येक रॅलेतून त्यांनी वाट्या काढून ठेवल्या होत्या. चौथी बसली. बोटांनी, पान्याशिवाय, शेवटच्या आट्यापर्यंत. हब त्यांनी संध्याकाळी उघडला, कारण दिवसा गिऱ्हाईक असते आणि त्यातली एक बारीक स्प्रिंग उडाली तर ती पुन्हा मिळायची नाही. तीनपैकी दोन गियर लागले. तिसरा लागत नाही. "दो में भी आपके मामू का काम चल जाता था," ते म्हणाले.

मजुरी बाराशे ठरली होती. मालासाठी सतरा दुकाने फिरून भाव करा, पण मजुरीत घासाघीस करू नये असे माझे मत आहे. दोन दिवस एका सायकलीवर वाकून बसणाऱ्याला बाराशे हे आधीच कमी आहेत. चाचांचा मुलगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. नातू बारावीला आहे, त्याला या धंद्यात यायचे नाही आणि चाचांनाही तो यावासा वाटत नाही. त्या डब्यातल्या वाट्या कोणत्या कारखान्याच्या, हे त्या घरात फक्त एका माणसाला ओळखता येते.

महिन्याभराने मुलीची नवी सायकलही त्याच बाकासमोर उभी राहिली. नवीन गियरची तार पहिल्या काही आठवड्यांत ताणली जाते, तशी ती ताणली होती आणि चेन दात्यांवर उड्या मारत होती. कंपनीच्या दुकानाने चार दिवसांनी आणायला सांगितले होते. चाचांनी चष्मा पुसला, मागचा गियर दोन-तीनदा वरखाली करून पाहिला आणि मुलीला म्हणाले, "बेटा, तेरे मोबाईल में इसका व्हिडिओ आता है क्या? लगा जरा." ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. व्हिडिओ इंग्रजीत होता. ती एकेक वाक्य थांबवून सांगत गेली आणि ते पेचकसाने पाव-पाव फेरा देत गेले.